विद्याधनाचा वारसा : खोटे घराण्याच्या तीन पिढ्या

उज्जयिनीच्या महाकालमंदिरातील सायंपूजेचे वर्णन कालिदासाने ‘मेघदूता’त केले आहे. रत्नजडित दांड्यांची चामरे ढाळून हात थकलेल्या नर्तकी तेथे आहेत, त्यांच्या पदन्यासाबरोबर वाजणाऱ्या मेखला आहेत, आणि मेघाने त्या वेळी गर्जना करून नगाऱ्याची सेवा देवाला अर्पण करावी अशी यक्षाची विनंती आहे. कवीने त्या स्त्रियांसाठी जो शब्द योजला आहे तो आज सभ्य गृहस्थ चारचौघांत उच्चारणार नाही. परंतु कवीने त्यांना देवळाबाहेर ठेवलेले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पूजेची घटिका त्यांच्यावाचून पुरी होत नव्हती.

पुढे १२३५ च्या सुमारास अल्तमशाच्या स्वारीत ते मंदिर उद्ध्वस्त झाले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी ते पुन्हा उभे केले. हे नाव आपल्या समाजाच्या सभासंमेलनांतून आपण अभिमानाने घेतो, आणि ते घ्यावे असेच आहे. देवालयाची परंपरा पाच शतके खंडित होऊनही पुन्हा जोडता आली. त्या देवालयात नाचणाऱ्या स्त्रीच्या विद्येची परंपरा पुढे कोणी चालविली आणि ती चालविणारीला समाजाने काय दिले, या प्रश्नाकडे मात्र आपण सहसा वळत नाही. त्या विस्तीर्ण प्रश्नाचा एक लहानसा भाग येथे घेण्याचा विचार आहे. तो म्हणजे खोटे या अभिनयप्रसिद्ध घराण्याचा, आणि विशेषतः त्या घराण्यातील तिसऱ्या पिढीच्या दूरचित्रवाणी-अभिनेत्री भावना बलसावर यांचा.

वकिलाला वारसा म्हटला की प्रथम धर्मशास्त्र आठवते. आपल्या शास्त्रकारांनी ‘विद्याधन’ नावाचा धनाचा एक स्वतंत्र प्रकार मानला. विद्येच्या बळावर मिळविलेले धन मिळविणाऱ्याचे. परंतु ती विद्या कुटुंबाच्या द्रव्याने शिकलेली असेल तर त्या कमाईत भाऊबंदांचाही वाटा, असा त्याचा ढोबळ अर्थ. गंमत अशी की, इंग्रजी न्यायालयांत या नियमाची चर्चा ज्या निकालांपासून सुरू झाली त्यांपैकी एक महत्त्वाचा निकाल एका नर्तकीच्या कमाईसंबंधीचा आहे. मद्रास उच्च न्यायालयाने तो १८६४ साली दिला, आणि कुटुंबाच्या खर्चाने शिकलेल्या विद्येची सामान्य कमाई विभाज्य होय, या मतासाठी पुढे अनेक वर्षे त्याचा आधार घेतला जात होता. नर्तन ही ‘विद्या’ आहे, हे न्यायासनाने अशा रीतीने आपल्या समाजाच्या कितीतरी आधी मान्य केले होते म्हणावयाचे! १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलने तोच नियम सनदी अधिकाऱ्याच्या पगाराला लावला, तेव्हा मात्र सुशिक्षित वर्ग खडबडून जागा झाला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या पुढाकाराने १९३० चा हिंदू विद्याधन कायदा झाला व विद्येची कमाई मिळविणाऱ्याची स्वतःची ठरली. नर्तकीवर आलेला नियम कोणाला जाचला नाही. कलेक्टरावर येताच तो जाचला.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. स्त्रीने शिल्पाने, म्हणजे कलाकौशल्याने, मिळविलेल्या धनावर पतीचे स्वामित्व असते, असे कात्यायनाचे वचन आहे. माहेरचे अलंकार तिचे; स्वतःच्या हुन्नराची कमाई मात्र नवऱ्याच्या ताब्यात. हा क्रम उलटा नाही काय, असे विचारण्याचे धाडस जुन्या टीकाकारांनी फारसे केलेले दिसत नाही.

विद्याधनाचा कायदा झाल्यानंतर वर्षभरातच, १९३१ साली, मुंबईतील एका प्रतिष्ठित सारस्वत घरातील मुलगी प्रथम पडद्यावर आली. १४ जानेवारी १९०५ रोजी जन्मलेल्या दुर्गाबाई खोटे या माहेरच्या विठा लाड. घर मूळचे गोव्याचे, घरातील भाषा कोकणी, वडील पांडुरंगराव लाड हे नामांकित सॉलिसिटर. मुलीचे शिक्षण कॅथीड्रल हायस्कूल व सेंट झेवियर्स महाविद्यालयात झाले. सतराव्या वर्षाच्या सुमारास तशाच श्रीमंत खोटे घराण्यात ती दिली गेली. सासरची दौलत गेली. बकुल व हरीन हे दोन मुलगे लहान; दुर्गाबाईंनी प्रथम शिकवण्या करून पाहिल्या आणि मग ‘फरेबी जाल’ या चित्रपटात एक लहानशी भूमिका पत्करली. चित्रपट सामान्य होता. त्याच्या जाहिरातीत मात्र नामवंत सॉलिसिटर लाडांची कन्या व खोट्यांची सून, असा पुकारा करण्यात आला. निर्मात्याला दुर्गाबाईंचा अभिनय विकावयाचा नव्हता. दोन घराण्यांची अब्रू त्याने तिकिटाच्या खिडकीवर मांडली होती. चित्रपट पडला, आणि बोल लागला तो दुर्गाबाईंना.

त्यांना या खड्ड्यातून वर काढले ते ‘प्रभात’च्या शांतारामबापूंनी. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात त्या तारामती झाल्या. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे. येथे एक गोष्ट आठवावी. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले होते, कारण त्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नव्हती. त्यानंतर थोड्याच काळात ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. परंतु कुलीन समजल्या जाणाऱ्या घरांची दारे बंद ती बंदच राहिली. एकोणीस वर्षांच्या अंतराने तीच तारामती एक पदवीधरांच्या घरातील स्त्री साकारते, आणि पुत्रासाठी व सत्यासाठी स्वतःला विकून घेणाऱ्या राणीची ती कथा पाहून प्रेक्षक डोळे पुसतात, यातला योग विलक्षण होता. पोटासाठी पडद्यावर आलेल्या स्त्रीची गाऱ्हाणी पुराणातील राणीने मांडावी, यापेक्षा मोठी वकिली कोणती असणार? त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या. उज्जयिनीच्या यात्रेकरूंना ही कथा परकी नाही. मत्स्येंद्रनाथांचे समाधिस्थान व भर्तृहरीची गुंफा ते गडकालिकेच्या परिसरात पाहून येतात.

दुर्गाबाईंच्या पुढील कारकिर्दीचा पाढा येथे वाचण्याचे कारण नाही. कलकत्त्याच्या देवकी बोस यांच्या ‘सीता’मधील (१९३४) सीता, ‘अमरज्योती’मधील (१९३६) चाचेगिरी करणारी सूडाची मूर्ती, ‘मुघल-ए-आझम’मधील (१९६०) जोधाबाई, रंगभूमीवर ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई, १९६८ ची पद्मश्री, १९८३ सालचा फाळके पुरस्कार, हे सर्वश्रुत आहे. त्यांनी १९३७ साली ‘साथी’ चित्रपट स्वतः निर्माण व दिग्दर्शित केला, हे कमी लोकांना ठाऊक असते. ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचे आत्मचरित्र ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ते अवश्य वाचावे. साक्षीदाराने साक्ष कशी द्यावी याचा तो वस्तुपाठ आहे.

परंतु येथे आपल्या समाजाला एक अवघड प्रश्न विचारला पाहिजे. दुर्गाबाईंना प्रथम दोष लागला आणि नंतर सन्मान मिळाला, दोन्ही त्या ‘घरंदाज’ म्हणूनच. त्याच काळात गोव्याच्या देवळांशी बांधलेल्या कलावंत स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या गायनाची विद्या सांभाळीत होत्या. केसरबाई केरकर या केरी गावच्या आणि मोगूबाई कुर्डीकर या कुर्डी गावच्या. ही आडनावे गावांची आहेत. दुर्गाबाईंच्या जाहिरातीत पित्याचे व श्वशुराचे नाव मोठ्या अक्षरांत छापले गेले. या स्त्रियांनी आपल्या गावांची नावे देशभर नेली. कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेला, उन्हाळ्यात पाणी उतरले की तेवढा वर दिसतो. मोगूबाईंचे नाव मात्र कधी बुडाले नाही. त्यांची विद्या त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी उजळविली, आणि ती गुरुमुखातून व मातृमुखातून एकदमच मिळालेली होती. देवळाच्या सभामंडपात जिचे गाणे आम्हांस हवे होते, तिला आमच्या ओसरीवर बसावयास जागा नव्हती. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ साली झाला. कायद्याने अन्यायी प्रथा थांबविली, हे उत्तमच झाले. परंतु विद्या कोणाची होती याची नोंद कायदा करीत नसतो, ती इतिहासाने करावयाची असते. घरंदाज स्त्रीला रंगभूमीवर जी मोकळी वाट मिळाली, ती या स्त्रियांच्या पावलांनी आधीच मळलेली होती.

खोटे घराण्यात अभिनय दुर्गाबाईंपुरता राहिला नाही. त्यांचे दीर नंदू खोटे हे मराठी रंगभूमीवरील नट होते. नंदू खोटे यांच्या पत्नी कोकणीभाषी. त्यांची कन्या शुभा आणि पुत्र विजू. म्हणजे मराठी बोलणारे वडील, कोकणी बोलणारी आई आणि उदरनिर्वाह हिंदी पडद्यावर, असा हा संसार. प्रस्तुत मासिकाच्या वाचकांस अशा घराचे वर्णन अधिक करून सांगावयास नको.

शुभा खोटे यांचा जन्म १९३७ चा. चौथ्या वर्षीच त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. परंतु तरुणपणी त्यांचे नाव झाले ते पोहणे व सायकल शर्यत या खेळांत. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्या राष्ट्रीय विजेत्या होत्या. अमिय चक्रवर्ती यांच्या ‘सीमा’मध्ये (१९५५) नूतनसमवेत त्यांनी पुतलीचे काम केले, आणि त्यात सायकलवरून पाठलाग करण्याचा प्रसंग होता. पदराआड उभी राहून डोळे पुसणारी स्त्री पडद्याच्या परिचयाची होती. सायकलवर मांड टाकून चोराच्या मागे लागणारी मुलगी नवीन होती. पुढे ‘ससुराल’ (१९६१), ‘हमराही’ (१९६३), ‘जिद्दी’ (१९६४), ‘लव्ह इन टोकिओ’ (१९६६) अशा चित्रपटांत मेहमूद व धुमाळ यांच्याबरोबर त्यांचे विनोदी त्रिकूट जमले. माझ्या मते शुभा खोटे यांचे खरे कार्य येथे आहे. दुर्गाबाईंना पावित्र्याचा पुरावा म्हणून सीता, तारामती, मीरा या भूमिका उपयोगी पडल्या. शुभा खोटे यांना तसला पुरावा द्यावा लागला नाही. सुशिक्षित, विल्सन महाविद्यालयात शिकलेली मुलगी लोकांना हसवण्यासाठी आडवीतिडवी उड्या मारते, आणि तिच्या कुळाची कोणी चौकशी करीत नाही, एवढे अंतर वीस-पंचवीस वर्षांत कापले गेले होते. १९६८ साली त्यांनी ‘चिमुकला पाहुणा’ हा मराठी चित्रपट स्वतः निर्माण व दिग्दर्शित केला. चुलतीच्या ‘साथी’नंतर एकतीस वर्षांनी पुतणीने केलेले हे काम.

शुभा खोटे यांचा विवाह दिनेश बलसावर यांच्याशी झाला, आणि भावना या त्यांच्या कन्या. भावना यांच्या कारकिर्दीचा पाया दूरचित्रवाणीवर घातला गेला. पण त्याआधी त्यांच्याच घरातील वडीलधाऱ्यांनी ते माध्यम जवळ केलेले होते. दुर्गाबाईंच्या निर्मितिसंस्थेने आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाच्या कल्पनेवर ‘वागळे की दुनिया’ ही मालिका दूरदर्शनसाठी १९८८ मध्ये आणली. दिग्दर्शक कुंदन शाह, आणि वागळे दांपत्य होते अंजन श्रीवास्तव व भारती आचरेकर. नायकाचे आडनाव वागळे, म्हणजे आपल्यापैकीच कोणीतरी कचेरीतला गृहस्थ, हे पाहून कित्येक सारस्वत घरांत खसखस पिकली असेल. तारामतीच्या भूमिकेपासून निघालेल्या दुर्गाबाई वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी सहकारी वसाहतीतल्या कारकुनाच्या घरात येऊन थांबल्या. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या निवर्तल्या. त्यांचे पुत्र हरीन यांच्या पत्नी विजया, म्हणजेच पुढे विजया मेहता म्हणून विख्यात झालेल्या दिग्दर्शिका. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मकथेवरील ‘स्मृतिचित्रे’ आणि इस्पितळाच्या जीवनावरील ‘लाइफलाइन’ ही त्यांची दूरदर्शनवरील कामे. ज्या विजयाबाईंनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ आधुनिक रंगभूमीवर आणले, त्याही या घराण्याच्या सून होत. उज्जयिनीतील कवीचा आणि गिरगावातील या घराचा दुवा शोधावयाचा झाल्यास तो येथे सापडतो.

१९९३ हे वर्ष भावना बलसावर यांच्या दृष्टीने महत्त्वाचे. जया बच्चन यांची निर्मिती व आनंद महेंद्रू यांचे दिग्दर्शन असलेल्या ‘देख भाई देख’ या मालिकेत तीन पिढ्या एका बंगल्यात नांदणारे दिवाण कुटुंब होते. त्यातील सून सुनीता भावना यांनी केली. शेखर सुमन, फरिदा जलाल, नवीन निश्चल अशी मातब्बर मंडळी भोवती. एकत्र कुटुंब म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे वाटणीचे दावे उभे राहतात; येथे मात्र भांडण हसण्यावारी जात असे. भावना यांच्या अभिनयाचा विशेष असा की, त्या विनोद ‘करताना’ दिसत नाहीत. स्वयंपाकघरातून बैठकीत येता येता एखादे वाक्य टाकून निघून जावे, तशी त्यांची लकब. भडक नटांच्या गर्दीत हे काम लक्षात येत नाही, आणि काढून टाकले तर घर रिकामे वाटते. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखविली, तेव्हा सत्तावीस वर्षांपूर्वीची ती सून नव्या पिढीच्याही ओळखीची झाली.

त्याच वर्षीची दुसरी मालिका ‘जबान सँभाल के’. एका इंग्रजी मालिकेवरून बेतलेली. निरनिराळ्या प्रांतांचे व देशांचे लोक हिंदी शिकण्यास एका वर्गात जमतात आणि पंकज कपूर त्यांचे मास्तर. शाळेच्या प्रमुख बाई शुभा खोटे, मराठी विद्यार्थी विठ्ठल बापूराव पोटे म्हणजे विजू खोटे, आणि भावनाही त्याच मालिकेत. आई, मामा आणि भाची एका चौकटीत! विजू खोटे यांना लोक ‘शोले’मधील (१९७५) कालिया म्हणून ओळखतात, ३० सप्टेंबर २०१९ रोजी ते गेले तेव्हाही त्याच नावाने त्यांची आठवण निघाली. मला स्वतःला त्यांचा पोटे अधिक आवडतो. मराठी वळणाची हिंदी बोलणाऱ्या माणसाची थट्टा त्यांनी केली, परंतु त्या माणसाची मान खाली जाऊ दिली नाही.

ही मालिका माळव्यातील मराठी माणसाने पाहिली असेल तर ती वेगळ्या कानांनी. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी आपले ठाणे लष्कर-ग्वाल्हेरीस कायम केले आणि उज्जैनचे राजधानीपण संपले. पण शिंदेशाहीबरोबर आलेली अनेक मराठी घराणी क्षिप्राकाठीच राहिली. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी, हा त्यांचा कित्येक पिढ्यांचा शिरस्ता. दोन भाषांच्या सांध्यावर जगणाऱ्या माणसाची त्रेधा त्यांना शिकवावी लागत नाही. मुंबईतील जे घर मराठी, कोकणी व हिंदी या तीन भाषांत एकाच वेळी वावरत होते, त्या घरातील तिघांनी ती त्रेधा देशाला दाखविली.

आणि नंतर भाषाच गळून पडली. २०१० साली सब वाहिनीवर ‘गुटर गू’ ही मालिका सुरू झाली; तीत संवाद नव्हते. भारतीय दूरचित्रवाणीवरील पहिली मूक विनोदी मालिका म्हणून तिचा गाजावाजा झाला. भावना बलसावर तीत प्रमुख स्त्रीभूमिकेत होत्या. शब्द काढून घेतल्यावर नटाजवळ डोळे, हात आणि चाल एवढेच उरते. भरताच्या भाषेत बोलावयाचे तर वाचिक गेले, आंगिक राहिले. भुवई किती उंचवावी आणि केव्हा खाली आणावी, याचा हिशेब चुकला की असला प्रयोग माकडचेष्टा होतो. भावना यांचा हिशेब पक्का होता. दुर्गाबाईंची ख्याती धीरगंभीर, स्पष्ट शब्दोच्चाराची होती. त्या घराण्याच्या तिसऱ्या पिढीने एक अक्षरही न उच्चारता मालिका पेलून दाखविली, हे मला विशेष वाटते.

याच संदर्भात नावाची गोष्ट सांगितली पाहिजे. १९३१ साली एका लहान भूमिकेच्या जाहिरातीसाठी पिता आणि सासरा यांची नावे लागली. भावना यांच्या नावापुढे ‘खोटे’ हे उपपद नाही. त्या शुभा खोटे यांच्या कन्या आहेत, हे प्रेक्षकाला बहुधा कोणीतरी मागाहून सांगावे लागते, आणि ऐकणारा “असे होय?” म्हणून पुन्हा मालिकेकडे वळतो.

‘सतरंगी ससुराल’मध्ये (२०१४) नायिकेला सात सासवा होत्या, भावना त्यांतील एक. २०२२ च्या ‘स्पाय बहू’मध्येही त्या होत्या. दिवाणांची सून अशा रीतीने सासूच्या पिढीत गेली आहे. या सर्व कामाचा जो मोबदला, तो १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमानंतर हिंदू स्त्रीची संपूर्ण मालकीची मिळकत होय. कात्यायनाचे ते वचन आता न्यायालयात कोणी वाचून दाखवीत नाही.